बालवाडीच्या दारातील पालक

तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत एक नवा हंगाम सुरू होतो. पूर्वी या दिवसांत उपवर मुलामुलींच्या आईबापांची धावपळ चालू असे. आता अडीच-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप बालवाड्यांच्या पायऱ्या चढू-उतरू लागतात. अर्ध्या दिवसाची रजा टाकून एका सकाळी तीन-तीन शाळा पाहून होतात. त्या पाहण्यातही जुन्या वधूपरीक्षेचे काही अंश उरलेले आहेत. फरक इतकाच, की येथे पाहण्यास गेलेली मंडळीच अखेरीस पाहिली जातात. वडिलांचे शिक्षण किती, आई नोकरी करते की घरी असते, घरात कोणती भाषा बोलली जाते, मोठे भावंड कोणत्या शाळेत आहे, याची विचारपूस होते. आणि मुलाला नुसते 'सहज बोलावले' असे सांगून लाल चेंडू कोणता आणि निळा कोणता हेही विचारून घेतले जाते.

शालेय शिक्षणावरील ओझ्याचा विचार करणाऱ्या प्रा. यशपाल समितीने १९९३ साली शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात अशी स्पष्ट शिफारस केली होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी बालकाची वा पालकांची छाननी करण्यास मनाई केली. तरीही 'सहज बोलावण्या'ची प्रथा पुरती गेलेली नाही. परंतु येथे मुख्य प्रश्न शाळा पालकांकडे कसे पाहतात हा नसून, पालक शाळेकडे कसे पाहतात हा आहे.

पुण्यासारख्या शहरातील एक जोडपे डोळ्यांसमोर आणावे. तो बँकेत, ती विमा कंपनीत. दोघेही हिशेबी, चौकस आणि मुलावर जीव असलेली. त्यांनी एका कागदावर उभे-आडवे रकाने आखून तीन बालवाड्यांची तुलना मांडली आहे. पहिली एका रंगवलेल्या बंगल्यात आहे. तिच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द असून तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. स्वागतकक्ष वातानुकूलित आहे, कॅमेरे आहेत, आणि आई कचेरीत बसून भ्रमणध्वनीवर मूल पाहू शकते. दुसरी एका मोठ्या इंग्रजी शाळेला जोडलेली आहे. तेथे खेळण्यापेक्षा वह्या अधिक. पण एकदा आत शिरले की दहावीपर्यंतची काळजी मिटते. तिसरी एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, मराठी, निवृत्तीला आलेल्या बाईंनी चालवलेली. तेथील भिंतीचा रंग उडाला आहे आणि खेळणी झिजलेली आहेत. कागदावरच्या रकान्यांत अंतर, शुल्क, गाडीची सोय, माध्यम, स्वच्छता, सुरक्षा आणि 'पुढचा प्रवेश' अशी शीर्षके आहेत. मुलाला जी व्यक्ती रोज तीन तास सांभाळणार, तिच्यासाठी मात्र रकाना नाही.

याचा दोष त्या जोडप्याला देणे अन्यायाचे होईल. बालशिक्षण ही वस्तूच अशी आहे, की जिची पारख करण्यास बाजार ग्राहकाला फारशी मदत करीत नाही. अर्थशास्त्रात वस्तूंचे एक उपयुक्त वर्गीकरण फिलिप नेल्सन याने १९७० साली केले. काही वस्तूंचा दर्जा विकत घेण्यापूर्वी तपासता येतो. मंडईतील वांगे हातात घेऊन उलटसुलट पाहता येते. काहींचा दर्जा वापरल्यावरच कळतो. तूरडाळ शिजते की नाही हे कुकर उघडल्याखेरीज समजत नाही. पण डाळ न शिजली तर पुढच्या महिन्यात दुकान बदलता येते. पुढे याच वर्गीकरणात एक तिसरा प्रकार जमा झाला. या प्रकारच्या वस्तू वा सेवा घेऊनही त्यांचा दर्जा धड कळत नाही, केवळ विश्वासावर पैसे मोजावे लागतात. बालवाडी या तिसऱ्या प्रकारात मोडते. तिचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसणार. तेव्हाही ते बालवाडीचे, की घराचे, की पुढच्या शाळेचे, हे वेगळे काढता येणार नाही. शिवाय पैसे देणारा एक आणि सेवा घेणारा दुसरा! ज्याला खरी माहिती आहे तो ग्राहक तीन वर्षांचा आहे. 'आज शाळेत काय केले?' या प्रश्नाला तो 'काऊ आला होता' असे उत्तर देतो, आणि तेवढ्यावर आईबापांना निष्कर्ष काढावा लागतो.

अशा बाजारात विक्रेता कोठे खर्च करील? साहजिकच, जे दिसते त्यावर. जॉर्ज अकरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की दर्जाची माहिती विक्रेत्याकडेच राहिली तर चांगल्या मालाला त्याचा भाव मिळत नाही आणि तो हळूहळू बाजारातून उठतो. वाड्यातील बाईंची बालवाडी नेमकी याच कारणाने बंद पडते. तेथील चांगुलपणा पाहुण्याला दहा मिनिटांत दिसत नाही, आणि भिंतीचा उडालेला रंग मात्र दारातूनच दिसतो.

थोडा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका वर्गात २५ मुले आहेत आणि प्रत्येकाचे वार्षिक शुल्क ६०,००० रुपये आहे. त्या एका खोलीतून वर्षाला १५ लाख रुपये जमा होतात. वर्गावरील ताईंना दरमहा १५,००० रुपये मिळत असतील, तर त्यांचा वाटा वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे शेकडा १२ इतका होतो. उरलेल्या ८८ टक्क्यांत जागेचे भाडे, मावशींचा पगार, रंगरंगोटी, जाहिरात, नाव वापरण्याबद्दल मूळ कंपनीला द्यावयाचे शुल्क आणि चालकाचा नफा. आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या माहितीतील आकडे घालून भागाकार करावा. शहरातील जागेचे भाव पाहता सगळेच चालक गबर होत आहेत असे म्हणता येणार नाही. कित्येक बायकांनी घरच्या दोन खोल्या मोकळ्या करून सुरू केलेल्या बालवाड्या जेमतेम तरतात. पण पालकाने दिलेल्या रुपयातील किती पैसे त्याच्या मुलाच्या जवळ बसणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचतात, हा प्रश्न विचारण्याचा रिवाज आपल्याकडे नाही. एखाद्याचा पगार विचारणे असभ्य मानले जाते. कमी पगाराची ताई दुसरीकडे दोन हजार अधिक मिळताच सोडून जाते, आणि नुकते कोठे तिच्या मांडीवर बसू लागलेले मूल पुन्हा नव्या चेहऱ्यापुढे उभे राहते. मोठ्या माणसाच्या दृष्टीने ही नोकरीतील बदली असते. तीन वर्षांच्या मुलाला तो एक वियोगच असतो.

तेव्हा पाहायचे असेल तर ठरवून दिलेल्या दिवशी स्वागतकक्षात बसू नये. साध्या कामाच्या दिवशी, साडेदहाच्या सुमारास, परवानगी घेऊन वर्गाच्या कोपऱ्यात तासभर गप्प बसावे. परवानगी मिळत नसेल तर ती बालवाडी कागदावरून खोडण्यास तेवढे कारण पुरे आहे. त्या तासाभरात मूल रडले तर कोण उठते ते पाहावे. ताई उभ्याने बोलतात की खाली बसून, आणि वर्गात आवाज अधिक कोणाचा, ताईंचा की मुलांचा, हेही पाहावे. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशा फळीवर आहेत की काचेच्या कपाटात? ती झिजलेली असतील तर आनंद मानावा. करकरीत खेळणी पाहुण्यांसाठी असतात. नळ किती उंचीवर आहे, आणि कोणाची चड्डी ओली झाली तर मावशी काय बोलतात, या गोष्टी माहितीपत्रकात छापत नाहीत. पण बालवाडीचा स्वभाव त्यांतच उघडा पडतो. वाळू आणि माती आहे का, हे विचारणारा पालक तर विरळाच. उलट, भरलेल्या वह्या दाखवल्या की पालकांचा जीव भांड्यात पडतो. ज्या बोटांनी अजून माती मळायची, मणी ओवायचे आणि कागद फाडायचा, त्यांच्याकडून अक्षरे गिरवून घेतलेली असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला. पण वही मागणारा पालक आहे तोवर वही पुरवणारी शाळाही असणारच.

माध्यमाचा प्रश्न येथे थोडक्यात येऊन जावा. इंग्रजी की मराठी हा वाद पहिलीपासून पुढे कसाही घातला तरी, तीन वर्षांच्या मुलाशी जिला स्वतःला अवघडल्यासारखे होते त्या भाषेत ताईने बोलणे, यात कोणाचेच हित नाही. अशा वर्गात 'सिट डाऊन', 'कीप क्वाएट' एवढेच इंग्रजी उरते आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट हरवते.

दुसऱ्या क्रमांकाच्या बालवाडीकडे, मोठ्या शाळेला जोडलेल्या वर्गाकडे, ओढा का असतो हे समजण्यासारखे आहे. तेथे पालक बालवाडी विकत घेतच नाही. तो पहिलीचे दार विकत घेतो. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अशा वस्तूंचा विचार मांडला, की ज्यांचे मोल त्या इतरांना मिळत नाहीत यातच असते. गर्दीत पुढचे दिसावे म्हणून एकाने टाचा उंचावल्या की मागच्यालाही उंचावाव्या लागतात. शेवटी सगळेच अवघडून उभे राहतात आणि दिसते पूर्वीइतकेच. प्रवेशाचे वय अलीकडे ओढले जाण्याचे, दोन वर्षांच्या मुलांसाठी खेळगट निघण्याचे रहस्य बव्हंशी या टाचा उंचावण्यात आहे. मुलाच्या वाढीशी त्याचा संबंध नाममात्र असतो.

या व्यवहारात नावांचेही एक विडंबन झाले आहे. फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० साली आपल्या संस्थेला बालकांचा बगीचा अशा अर्थाचे नाव दिले, तेव्हा मुलांनी त्यात रोपांसारखे वाढावे ही कल्पना होती. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह उघडले ते सॅन लोरेन्झो या गरीब कामकऱ्यांच्या वस्तीत. आज त्याच बाईंचे नाव शहरातील महागड्या पाट्यांवर झळकते. नावावर कोणाची मालकी नसल्याने आणि त्यामागच्या पद्धतीची तपासणी कोणी करीत नसल्याने ते कोणालाही लावता येते.

महाराष्ट्राला याहून जवळचा वारसा आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ पहिल्यापासून त्यांच्या सोबत होत्या. माँटेसरीची साधने महाग, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने घडवली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या त्या परिसरात कोणा पालकाला तीन शाळा पाहून तुलना करावी लागली नाही. शाळेनेच घर पाहिले.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात इप्सिलांटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा जो प्रयोग झाला, त्याचे या दृष्टीने मोठे नवल वाटते. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले, त्यांपैकी ५८ बालशाळेत आणि ६५ तुलनेसाठी बाहेर. रोज सकाळी सुमारे अडीच तासांची शाळा, पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका, आणि आठवड्यातून एकदा त्याच शिक्षिकेची मुलाच्या घरी भेट. पुढील कित्येक दशके या मुलांचा मागोवा घेण्यात आला. बुद्ध्यंकातील सुरुवातीचा फरक काही वर्षांत पुसला गेला. पण शिक्षण, कमाई आणि कायद्याने वागणे यांतील फरक प्रौढपणीही टिकला. जेम्स हेकमन या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याने या आकड्यांची पुन्हा कसून छाननी केली आणि बालशिक्षणावरील खर्च ही किफायतशीर गुंतवणूक आहे हे मत जगभर पोहोचवले. १२३ मुलांवरून साऱ्या जगाचे अनुमान काढू नये हे खरेच. पण तेथे पैसा माणसांवर खर्च झाला होता, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

मग शासनाने काय करावे? २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले आणि सहा वर्षांखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांच्या कलमात, म्हणजे सदिच्छांच्या यादीत, राहिली. या दुर्लक्षाचा परिणाम असा, की खासगी बालवाड्यांचे पीक दीर्घकाळ कोणत्याही देखरेखीवाचून वाढले. नोंदणीची भाषा आता ऐकू येते. परंतु केवळ परवान्यांचे राज्य आणले तर बंगल्यातील बालवाडी सल्लागार नेमून कागद पुरे करील आणि वाड्यातील बाईच त्यात बळी पडतील. त्यापेक्षा रेशन दुकानाच्या दारावर साठा आणि भाव लिहिलेला फलक असतो, तसा एक फलक प्रत्येक बालवाडीच्या दारावर सक्तीचा करावा. मुले किती, ताई किती, त्यांचे प्रशिक्षण कोणते, प्रत्येकीला येथे किती वर्षे झाली, एकूण शुल्क किती आणि त्यातील किती टक्के रक्कम शिकवणाऱ्यांच्या वेतनावर खर्च होते, एवढे त्यावर असावे. आगीपासून सुरक्षितता आणि स्वच्छतागृह यांसाठी नियम हवेतच. बाकीचे काम फलक करील. ताईंच्या पगारात केलेली वाढ दारावर दिसू लागली तर चालकालाही ती करण्यात स्वारस्य वाटेल.

त्या जोडप्याच्या कागदावर एक चौथा रकाना असू शकला असता, पण तो आखण्याचे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत, एका भाड्याच्या खोलीत अंगणवाडी भरते. अनुताई-ताराबाईंच्या प्रयोगातून रूढ झालेले हे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना मिळाले. तेथे आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण यांची जबाबदारी सेविका नावाच्या एकाच बाईवर असते, आणि तिला मिळते त्याला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. तिला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे एवढे मान्य होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ सालच्या निकालाची वाट पाहावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. शहरी मध्यमवर्गाच्या घरात त्याची झळ पोहोचली नाही. बँकांचा संप दोन दिवस चालला तर वर्तमानपत्रे भरून जातात. येथे लहान मुलांची शाळा कित्येक आठवडे बंद राहिली, आणि वाचकांच्या पत्रांत त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

अल्बर्ट हर्शमन याने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात याची मीमांसा केलेली आहे. एखादी संस्था बिघडू लागली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा तक्रारीचा आवाज उठवणे. ज्यांचा आवाज सर्वांत मोठा, तेच आधी सोडून गेले, तर मागे राहिलेल्यांचे कोणी ऐकत नाही आणि संस्था आणखी बिघडते. महापालिकेच्या शाळांचे तेच झाले, अंगणवाडीचेही तेच झाले. रकाने आखून तुलना करणारे, अर्ज लिहिता येणारे, नगरसेवकाला दूरध्वनी करणारे पालक तेथे असते, तर ती खोली इतकी कोंदट राहिली नसती.

त्या जोडप्याने आपले मूल उद्यापासून तेथेच घालावे असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. जी खोली आज कोंदट आहे तेथे स्वतःचे मूल पाठवून कोणी सुधारणेची वाट पाहत नाही, आणि पाहूही नये. त्यांनी बहुधा वाड्यातील बाईंकडे अर्ज भरावा, आणि भरण्यापूर्वी ताई किती वर्षे येथे आहेत हे विचारावे. पण अंगणवाडीची अडचण मुख्यतः जागेची आहे, आणि जागा त्यांच्याच आवारात आहे. शहरातील अनेक गृहनिर्माण संस्थांची सभागृहे गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि वाढदिवस सोडले तर सकाळी कुलूपबंद असतात. दहा ते एक या वेळात ती नाममात्र भाड्याने अंगणवाडीला द्यावीत, हा ठराव मांडण्यास कोणत्याही सरकारी धोरणाची वाट पाहावी लागत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे मूल आपल्या जिन्याखालून ये-जा करील म्हणून काही सभासद विरोध करतील. त्यांना पाण्याची टाकी, पार्किंग आणि रंगकाम यांवर चालणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या एका विषयावरही तासभर बोलू द्यावे, आणि मग मतदान घ्यावे.